एमिल दुर्खिम : समाज कशाने जोडला जातो हे शोधणारा शिक्षक



बी.एड. करताना आपल्यापैकी बहुतेकांनी एमिल दुर्खिम हे नाव वाचलेले असते. कुठे ते डरखाईम असे छापलेले असते, कुठे दुरखीम. समाजशास्त्राचा एक जनक, श्रमविभाजन, सामाजिक तथ्ये, आत्महत्येचे प्रकार, एवढे पाठ केले की पाच मार्कांचे उत्तर लिहून होते. परीक्षा संपली की आपण ते विसरूनही जातो.

पण त्या पाच मार्कांच्या उत्तरात एक गोष्ट सहसा येत नाही. हा माणूस आयुष्यभर शिक्षक होता, आणि शिक्षकांचा शिक्षक होता. बोर्दो शहरात पंधरा वर्षे आणि त्यानंतर पॅरिसमध्ये शेवटपर्यंत, त्यांच्यासमोर बसणाऱ्यांत उद्याचे आणि आजचे शिक्षक असत. आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत होता. जुनी बंधने सुटत चाललेल्या समाजात माणसांना एकत्र धरून ठेवणार कोण आणि कसे? आज त्यांचे चरित्र आपण या एका प्रश्नाच्या अंगाने पाहूया.

धर्मगुरूच्या घरातला मुलगा

दुर्खिम यांचा जन्म १५ एप्रिल १८५८ रोजी फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतात, एपिनाल या गावी झाला. घर ज्यू धर्मगुरूंचे. वडील रब्बी, आजोबा रब्बी, पणजोबाही रब्बी. घरात पैसा बेताचा, शिस्त कडक आणि कष्टाची सवय पक्की. एमिल सर्वांत धाकटा. तोही पुढे रब्बीच होणार असे धरून त्याचे सुरुवातीचे धर्मशिक्षण झाले. पण शाळकरी वयातच त्याने तो मार्ग सोडायचे ठरवले. पुढे त्याची देवावरची श्रद्धाही राहिली नाही. मात्र एक गोष्ट त्याने लहानपणीच पाहिली होती. आपला समाज लहान आणि वेगळा असला की त्यातली माणसे एकमेकांना किती घट्ट धरून राहतात, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तो बारा वर्षांचा असताना, १८७० मध्ये, फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध झाले. फ्रान्स हरला. जर्मन फौजा एपिनालमध्ये आल्या. शेजारचा अल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीने घेतला. हरलेल्या देशात कुणाला तरी दोषी ठरवायचे म्हणून काही लोकांनी ज्यूंकडे बोट दाखवले. विचार करा, पाचवी-सहावीच्या वयाचा मुलगा हे बघतो आहे. संकट आले की समाज एक होतो, आणि त्याच वेळी आपल्यातल्याच काहींना बाहेर ढकलतो, हे दोन्ही त्याने एकाच वर्षात पाहिले. ही आठवण त्यांनी पुढे, चाळिशीत, लिहून ठेवली.

दोनदा नापास

पालकांनी हा भाग जरूर वाचावा. गावच्या शाळेत हुशार ठरलेला हा मुलगा पॅरिसला गेला तो एकोल नॉर्माल सुपेरियर या नामांकित संस्थेत प्रवेश मिळवायला. प्रवेश परीक्षा अतिशय कठीण. तो पहिल्यांदा नापास झाला. दुसऱ्यांदाही झाला. घरची परिस्थिती साधारण, पॅरिसचा खर्च मोठा. तिसऱ्या प्रयत्नात, १८७९ मध्ये, त्याला प्रवेश मिळाला. पुढे समाजवादी नेते म्हणून गाजलेले जाँ जोरेस आणि तत्त्वज्ञ आँरी बर्गसाँ त्याच काळात तिथे शिकत होते. १८८२ मध्ये दुर्खिम अध्यापनाची अंतिम स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाले, पण यादीत त्यांचे नाव जवळजवळ तळाला होते. गुणवत्ता यादीतल्या जागेवरून मुलाचे भविष्य ठरवायची घाई आपल्याला असते ना, तेव्हा हा निकाल आठवावा.

मग पाच वर्षे ते सांस, सें-काँतां आणि त्र्वा या लहान शहरांतल्या शाळांत तत्त्वज्ञान शिकवत होते. मधल्या काळात, १८८५-८६ मध्ये, रजा घेऊन ते जर्मनीला गेले. लाइपझिगमध्ये विल्हेल्म वुंट यांचे काम त्यांनी जवळून पाहिले. नीती, रूढी, कायदा या गोष्टींचाही निरीक्षणाने अभ्यास करता येतो, ही खात्री त्यांना तिथे मिळाली.

युरोप बदलत होता

दुर्खिम यांचा प्रश्न समजायचा तर तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. १८५१ मध्ये पॅरिसची लोकसंख्या सुमारे साडेदहा लाख होती. आसपासची वस्ती शहरात सामील झाली, खेड्यांतून माणसे येत राहिली आणि १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख झाली. रेल्वेने खेडी शहरांना जोडली. सुतार, विणकर, लोहार यांचे जुने व्यवसाय-संघ फ्रेंच राज्यक्रांतीनेच मोडीत काढले होते. कामगारांना कायदेशीर संघटना करता आली ती १८८४ मध्ये. म्हणजे मधली नव्वदहून अधिक वर्षे कामगार एकटा आणि समोर कारखानदार, अशी स्थिती. चर्चचा अधिकार ओसरत होता. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. १९०५ मध्ये तर चर्च आणि शासन कायद्यानेच वेगळे झाले.

हे सगळे चांगलेच, असे म्हणणारे लोक होते. हे सगळे बुडाले, आता अनागोंदी माजणार, असे म्हणणारेही होते. दुर्खिम दोन्हीकडे गेले नाहीत. त्यांनी विचारले, आधी समाज जोडलेला होता तो कशाने, आणि आता कशाने जोडला जाऊ शकेल?

१८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रमविभाजनावरील ग्रंथात त्यांनी याचे उत्तर मांडले. जुन्या समाजात माणसे सारखी असतात म्हणून एकत्र असतात. सारखे काम, सारखा देव, सारख्या समजुती. ही यांत्रिक एकता. जो वेगळा वागेल त्याच्यावर सगळे तुटून पडतात, म्हणून तिथे शिक्षा कठोर. आधुनिक समाजात माणसे वेगवेगळी असतात, पण एकमेकांवाचून त्यांचे चालत नाही. बेकरीवाल्याला रेल्वेचालक लागतो, रेल्वेचालकाला डॉक्टर लागतो, डॉक्टरला शिंपी लागतो. शरीरातले अवयव जसे निरनिराळे असूनही एकमेकांवर अवलंबून असतात, तशी ही सेंद्रिय एकता. तिथे कायद्याचा भर सूड घेण्यापेक्षा झालेले नुकसान भरून देण्यावर असतो.

वर्गात हे शिकवायचे असेल तर मुलांना एवढेच करायला सांगा. सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत किती अनोळखी माणसांच्या कामाचा तुम्ही उपयोग केला, त्याची यादी करा. वहीचे पान पुरत नाही!

पण दुर्खिम इथे थांबले नाहीत. नुसते एकमेकांवर अवलंबून असणे पुरेसे नाही, हे त्यांना दिसत होते. कारखान्यात मालक आणि मजूर एकमेकांवर अवलंबून होतेच, तरी त्यांच्यात न्यायाचे नियम नव्हते. जुने नियम गेलेले आणि नवे अजून तयार न झालेले, या अवस्थेला त्यांनी ॲनोमी म्हटले. आपण तिला नियमहीनता म्हणू. १९०२ मध्ये त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी नवी मोठी प्रस्तावना लिहिली आणि प्रत्येक व्यवसायातल्या लोकांचे नवे संघ उभे राहावेत असे सुचवले. व्यक्ती एकटी आणि शासन फार दूर, मधे काहीतरी आपलेसे हवे, हा त्यामागचा विचार.

सर्वांत खासगी दुःखाचा अभ्यास

१८९७ मध्ये त्यांचा आत्महत्येवरील ग्रंथ आला. विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. यापेक्षा खासगी घटना दुसरी कुठली? तरीही देशोदेशीचे आकडे पाहिले तर दरवर्षी प्रमाण जवळजवळ तेवढेच राहते आणि एका देशाचे दुसऱ्यापेक्षा वेगळे असते. म्हणजे कारण फक्त त्या एका माणसाच्या मनात नाही, तो ज्या समाजात जगतो त्यातही आहे. त्यांचे भाचे मार्सेल मोस यांनी सुमारे २६ हजार नोंदी वय, लिंग, विवाह आणि मुले यांनुसार वेगळ्या करून दिल्या. ही सगळी वर्गवारी हाताने केलेली, संगणक कुठला आलाय तेव्हा!

निष्कर्ष असा निघाला की ज्यांचे नातेसंबंध सैल, त्यांना धोका अधिक. अविवाहितांना विवाहितांपेक्षा जास्त, लहान कुटुंबांना भरल्या घरापेक्षा जास्त. आणखी एक गोष्ट सर्वांना चकित करणारी होती. आर्थिक मंदीत प्रमाण वाढते हे समजण्यासारखे आहे, पण अचानक भरभराट झाली तरी ते वाढते. कारण इच्छांना लगाम घालणारी चौकटच हलते. किती मिळाले म्हणजे पुरे, हे सांगणारे कुणी उरत नाही.

पुढच्या संशोधकांनी या ग्रंथावर आक्षेपही घेतले. कॅथलिक भागांत अशा मृत्यूंची नोंद वेगळ्या कारणाखाली होत असावी, मग प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशी तुलना कितपत खरी, हा त्यातला मोठा आक्षेप. तो रास्त आहे. पण मूळ मुद्दा आपल्या कामाचा आहे. मूल गप्प झाले, मित्रांतून बाजूला पडले, तर ते त्या मुलाच्या स्वभावाचे प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. त्याच्याभोवतीचे धागे कुठे तुटले ते बघावे. ते काम घरी आणि वर्गात, मोठ्या माणसांनी करायचे असते.

वर्ग म्हणजे छोटा समाज

१८८७ मध्ये दुर्खिम यांची नेमणूक बोर्दो विद्यापीठात झाली. त्याच वर्षी लुईझ ड्रायफस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मारी आणि आंद्रे ही दोन मुले झाली. नेमणूक होती ती समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या दोन्हींसाठी. आपली व्याख्याने ते फार तयारीने लिहून काढत. १९०२ मध्ये ते पॅरिसच्या सोर्बोनमध्ये आले, तेही शिक्षणशास्त्राच्या जागेवर. १९१३ मध्ये त्या अध्यासनाच्या नावात समाजशास्त्र हा शब्द जोडला गेला.

नैतिक शिक्षणावरील त्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९२५ मध्ये, पुस्तकरूपाने आली. शाळेतून धर्मशिक्षण गेले, मग नीती शिकवायची कशाच्या आधारावर, हा त्या काळच्या फ्रेंच शिक्षकापुढचा खराखुरा पेच होता. दुर्खिम यांनी नीतीचे तीन घटक सांगितले. पहिला शिस्त. दुसरा गटाशी जोडले जाणे. तिसरा स्वायत्तता, म्हणजे नियम का आहे हे समजून तो आपणहून पाळणे.

त्यांच्या मते घर आणि देश यांच्या मधे शाळा असते. घरात मूल लाडाचे असते. तिथले नियम मायेपोटी वाकतात. देशाचा कायदा तर मुलाला ओळखतही नाही. वर्गात मात्र पहिल्यांदा त्याला कळते की नियम माझ्यासाठी आणि शेजारच्या बाकावरच्या मुलासाठी सारखाच आहे, आणि तो बाईंच्या मर्जीवर नाही. म्हणून वर्गाचा नियम त्यांना इतका महत्त्वाचा वाटला.

शिक्षेबद्दल त्यांनी जे मांडले ते आजही प्रत्येक शिक्षक खोलीत चर्चेला घ्यावे असे आहे. शिक्षेने नियमाला अधिकार येत नाही. तो शिक्षकाच्या स्वतःच्या निष्ठेतून येतो. शिक्षा फक्त एवढेच दाखवते की मोडला गेला तरी नियम अजून जिवंत आहे. प्रत्येक वापरासोबत शिक्षेची धार कमी होते, म्हणून मोठी शिक्षा आधी वापरणारा शिक्षक लवकरच रिकाम्या हाताचा होतो. मारण्याच्या तर ते पूर्ण विरोधात होते. मागास म्हणवल्या जाणाऱ्या अनेक समाजांत मुलांना क्वचितच मारतात आणि छडी उलट शाळेबरोबर वाढली, असे त्यांनी दाखवून दिले. कारणही सांगितले. शिक्षकाकडे ज्ञान जास्त, ताकद जास्त आणि समोरची मुले दुबळी. वसाहतीत गेलेल्या गोऱ्या माणसाला तिथल्या लोकांसमोर जी सत्तेची नशा चढते, तीच नशा वर्गात चढू शकते. हे युरोपातला प्राध्यापक युरोपीय साम्राज्ये जोरात असताना आपल्याच व्यवसायाबद्दल सांगत होता, हे लक्षात घ्या. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. कायदा आला, पण ती नशा ओळखणे अजून आपल्यालाच करायचे आहे.

दुर्खिम यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. स्त्रियांविषयी त्यांनी लिहिलेले बरेचसे आज आपल्याला पटणार नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या धर्मावर त्यांनी १९१२ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, पण ते ऑस्ट्रेलियाला कधी गेले नाहीत. इतरांच्या वृत्तांतांवर त्यांनी तो उभा केला. आणि समाजातल्या संघर्षापेक्षा एकोप्याकडे त्यांचे लक्ष जास्त असते, ही टीका तर नेहमीचीच.

कसोटीचे दोन प्रसंग

पहिला प्रसंग ड्रायफस प्रकरणाचा. आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये खोट्या आरोपाखाली हेरगिरीसाठी शिक्षा झाली. सत्य बाहेर येऊ लागले तेव्हा काहींचे म्हणणे पडले की एका माणसासाठी लष्कराची अब्रू घालवू नका. १८९८ मध्ये दुर्खिम यांनी याविरुद्ध लेख लिहिला. त्यांचा मुद्दा त्यांच्या समाजशास्त्रातूनच आला होता. माणसे इतकी वेगवेगळी झाल्यावर सर्वांमध्ये समान असे एकच उरते, ते म्हणजे माणूसपण. म्हणून एका निरपराध माणसाचा हक्क तुडवला तर आधुनिक समाजाला जोडणारा शेवटचा धागाच तुटतो. समाज, समाज असे आयुष्यभर बोलणारा हा माणूस ऐन वेळी एका व्यक्तीच्या बाजूने उभा राहिला.

दुसरा प्रसंग फार कठीण होता. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. देशाशी जोडले जाणे हा त्यांच्या नैतिक शिक्षणाचा गाभा. ते स्वतःही देशाच्या कामाला लागले, युद्धविषयक पुस्तिका लिहिल्या, समित्यांवर काम केले. त्यांचे विद्यार्थी एकेक करून आघाडीवर गेले. रोबेर हर्त्झ हा गुणी विद्यार्थी एप्रिल १९१५ मध्ये पडला. मुलगा आंद्रे वडिलांच्याच संस्थेत शिकलेला, भाषाशास्त्राकडे वळलेला. तो बाल्कन आघाडीवर गेला आणि डिसेंबर १९१५ मध्ये जखमांनी वारला. खात्रीची बातमी वडिलांपर्यंत पोचायला काही महिने लागले. तोपर्यंत फक्त वाट बघणे.

त्याच सुमारास, १९१६ मध्ये, फ्रेंच सिनेटच्या एका सदस्याने दुर्खिम यांच्या निष्ठेवरच संशय घेतला. नाव परके, कुळ ज्यू, म्हणून जर्मनीचा माणूस असणार! शिक्षणमंत्र्यांनी सभागृहात त्यांची बाजू घेतली. पण विचार करा, १८७० मध्ये बारा वर्षांच्या मुलाने जे पाहिले तेच पुन्हा, आणि या वेळी मुलगा त्याच देशासाठी गमावल्यावर.

आंद्रेविषयी त्यांच्यासमोर कुणी बोललेले त्यांना सहन होत नसे. ते कामात बुडून राहिले. १९१६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. थोडे सावरल्यावर त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली आणि नीतीवरचा ग्रंथ सुरू केला. तो अपुरा राहिला. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

आपल्यासाठी काय?

मित्रांनो, दुर्खिम यांचे आयुष्य वाचताना एक अवघड प्रश्न समोर येतो. मुलांना गटाशी जोडा, असे त्यांनी शिकवले. आणि युद्धात सगळे गट असे घट्ट जोडले गेले की युरोपने आपली तरुण पिढी गमावली. मग चूक जोडण्यात होती का?

मला वाटते, उत्तर त्यांच्याच तीन घटकांत आहे. शिस्त आणि गटनिष्ठा ही दोन शिकवायला सोपी. कवायत झाली, घोषणा झाल्या, काम झाले. तिसरा घटक, समजून-उमजून पाळणे, हा वेळ खातो. मूल विचारते, बाई, हा नियम का? आणि पोर्शन पूर्ण करायची घाई असलेले आपण म्हणतो, गप्प बस. घरी आई-बाबाही तेच म्हणतात. नेमका तिथे तिसरा घटक सुटतो. उरते ती फक्त आज्ञा पाळण्याची सवय, मग आज्ञा देणारा कुणीही असो.

तेव्हा या आठवड्यात एवढे करून पाहा. वर्गातला एक नियम घ्या, घरातला असला तरी चालेल. तो कशासाठी आहे हे मुलांना विचारा आणि त्यांचे उत्तर शेवटपर्यंत ऐका. कारण सापडले तर मुले तो नियम आपला म्हणून पाळतील. कारण आपल्यालाही सापडले नाही, तर तो नियम मुलांसमोर काढून टाकायची तयारी ठेवा.